अठरा सेकंदांच्या आत

सुदाम दुसऱ्या खुंटीपासून अजून चार पावलं मागे होता, तेवढ्यात नर्मदाचा अंगठा मोबाईलवर पडला.

चुकून नाही, मुद्दाम पडला. सुदाम धापा टाकत खुंटी ओलांडून पुढे गेला, बांधाला अडखळून थांबला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला. गमबुटात धूळ शिरली होती, हेल्मेटचा पट्टा हनुवटीत रुतला होता. आदल्या दिवशी असाच वाकला तेव्हा ओकला होता, आणि ओकून झाल्यावर चूळ भरून ‘अजून एकदा’ म्हणाला होता.

‘‘किती?’’ त्यानं विचारलं.

नर्मदानं मोबाईल त्याच्यासमोर धरला. एकोणीस पॉइंट एक. काल वीसच्या वर होता. सुदामनं आकडा दोनदा वाचला, हेल्मेट काढलं आणि हसला. दिवाळीच्या आधीपासून तो हसला नव्हता. ‘‘बस झालं आज,’’ तो म्हणाला.

हेच ऐकायचं होतं तिला. एवढ्या एका वाक्यासाठी तिनं अंगठा आधी दाबला होता. तो संक्रांतीचा दुसरा दिवस होता.

सेहेचाळीस वर्षांचा बाप्या डोक्यावर पिवळं हेल्मेट नि पायात काळे गमबूट घालून, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरातून सकाळी सकाळी जीव खाऊन पळतोय, हे कोचाईच्या त्या पाड्यानं कधी पाहिलं नव्हतं. शंभर मीटरची सरळ वाट हवी म्हणून त्यानं स्वतःच्या तीन खाचरांचे बांध मधोमध फोडले होते. पावसाच्या आधी ते पुन्हा कोण घालणार, हे नर्मदानं विचारलं होतं, तेव्हा तो पुढच्या बांधाकडे वळला होता. शेजारची म्हातारी बुधी रोज ओटीवर बसून तमाशा बघायची. पहिल्या दिवशी तिनं कोंबडी सुटली का म्हणून विचारलं. आठवड्यानं भगताचं नाव सुचवलं. चाळिशी उलटलेल्या पुरुषाला असा चळ लागतो, कोणी दुसरी बाई बघतं, कोणी पळतं, तुझा पळतोय तर तू नशिबवान, असं तिनं नर्मदाला वर समजावलंही.

सुदामला चळ लागला नव्हता. अच्छाड नाक्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीत, रंगांची रसायनं करणाऱ्या एका कंपनीत तो अकरा वर्षं आग विझवणाऱ्या टोळीत होता. गडद निळा गणवेश, दंडावर केशरी पट्टी. तलासरीच्या बाजारात भाजीवाल्या त्याला ‘फायरवाला’ म्हणून हाक मारायच्या आणि तो ओ द्यायचा. या कामात माणसं जोडीनं असतात. एक पाईपाचं तोंड धरून आगीपुढे उभा राहतो, दुसरा पळत जाऊन हायड्रंटचं चाक फिरवतो, म्हणजे पाणी सुटतं. सुदाम चाकावरचा. पुढे उभा राहायचा उधवा गावचा दीपेश, सव्वीस वर्षांचा.

ऑक्टोबरात एक पिंप पेटलं. दीपेश पाईप धरून उभा राहिला आणि सुदाम पळाला. चाक चाळीस पावलांवर होतं. तो पोचला, चाक फिरवलं, पाणी गेलं. पण तोवर पिंपाचं झाकण उडालं होतं आणि दीपेशचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. चौकशी झाली, सगळं नियमाप्रमाणे झालं होतं, कोणी सुदामकडे बोट दाखवलं नाही. फक्त दवाखान्यात दीपेश गुंगीत म्हणाला, ‘‘पाणी उशिरा आलं, दादा.’’ त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. राग असता तर सुदाम भांडला असता, आणि भांडून मोकळा झाला असता.

त्यानंतर कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून निलम मॅडम आल्या. तिशीतल्या, बोलायला साध्या. त्यांनी टोळीतल्या प्रत्येकाची चाचणी ठरवली. बूट, हेल्मेट घालून शंभर मीटर, अठरा सेकंदांच्या आत. फेब्रुवारीचा शेवटचा मंगळवार. ज्याला जमणार नाही त्याला गेटवर बसवणार. पगार तोच, गणवेश दुसरा. टोळीतले बाकीचे पंचविशी-तिशीतले होते, त्यांना हसू आलं. सुदामनं पहिल्याच दिवशी घरी दोरीनं अंतर मोजलं, खुंट्या ठोकल्या आणि पळून बघितलं. एकवीस सेकंद लागले.

मग तो मोबाईलवर व्हिडिओ बघू लागला. त्यातला एक पिळदार माणूस हिंदीत सांगायचा की चाळिशीनंतर आधी वेग जातो, ताकद मागाहून. नुसतं लांब पळून वेग परत येत नाही, पायात ‘एक्सप्लोसिव्ह पॉवर’ आणावी लागते. सुदामला गंमत वाटली. कंपनीत ज्या पिंपांवर हा शब्द लाल अक्षरात असतो त्यांच्यापासून दहा फूट लांब राहायचं असतं. ‘‘आता तां माझ्याच पायात भरायचं,’’ तो नर्मदाला म्हणाला. सकाळी पाड्यामागची टेकडी तो वीस-वीस पावलांच्या झेपा घेत चढायचा. ओटीवर दोन्ही पायांनी उडी मारायचा, उतरायचा, पुन्हा मारायचा. ट्रकचं जुनं टायर कमरेला बांधून ओढायचा. व्हिडिओवाला असंही सांगायचा की या वयात एक दिवस पळा आणि दोन दिवस थांबा. तेवढं सुदाम पुढे ढकलायचा.

डहाणूला नर्सिंग शिकणारी मुलगी मयुरा सुट्टीला आली तेव्हा तिनं आईला मोबाईलचं घड्याळ शिकवलं. इथं दाबलं की सुरू, इथं दाबलं की बंद. अशी नर्मदा वेळ धरणारी झाली. सुदाम पहिल्या खुंटीपाशी हात वर करायचा, हात खाली आला की ती सुरू करायची.

आकडा वाईट आला की तो पुन्हा पळायचा, आणखी वाईट आला की आणखी. डिसेंबरात मांडीमागची शीर भरली, नर्मदा रात्री मोहाच्या बियांचं तेल चोळायची, सकाळी हा लंगडत पुन्हा खाचरात. चेहरा काळानिळा व्हायचा. बुधीचा पुतण्या सायवनला क्रिकेट खेळताना छातीत कळ येऊन पडला तो उठला नाही, त्यालाही सेहेचाळीसच वर्षं होती. नर्मदा दुसऱ्या खुंटीपाशी उभी राहायची ती घड्याळ बघत नाही, नवऱ्याचं तोंड बघत. आकडा चांगला आला तरच हा थांबतो, हे तिच्या लक्षात आलं, आणि आकडा तर तिच्याच अंगठ्याखाली होता.

म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. एकदा आधी दाबलं, मग दुसऱ्या दिवशी नीट दाबायची सोय राहिली नाही, कारण एकोणीसचा पुन्हा वीस कसा होणार? चार पावलांची पाच झाली, पाचाची सात. खळ्यात भात मोजताना तिची आई मापावर मूठभर जास्त टाकायची. घेणाऱ्याला कमी पडू नये, धान्याची देवी कणसरी रागावू नये म्हणून. नर्मदाही बाजारात तसंच करते, वालाच्या शेंगांवर चार शेंगा जास्त. तिनं मनाची समजूत घातली की हेही तसलंच. पण भाताची मूठ आपल्या कणगीतली असते. हे सेकंद तिच्या घरचे नव्हते, हे तिला कळत होतं, आणि कळूनही ती रोज देत होती.

सुदाम मात्र बदलला. जेवण जाऊ लागलं. झोप लागू लागली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मोबाईलवर सतरा पॉइंट आठ दिसलं तेव्हा तो बुधीच्या ओटीवर जाऊन बसला आणि तुझ्या भगताची फी वाचली म्हणाला. त्याच दिवशी त्यानं टेकडी बंद केली. अठराच्या आत आलो, आता नुसतं टिकवायचं, अंग मोडून घ्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं. नर्मदाला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तिनं तांदळाचे पानगे केले.

चाचणीच्या आधीच्या रविवारी दोघं उधव्याला दीपेशकडे गेली. सुदाम दर रविवारी जायचा, नर्मदा पहिल्यांदाच गेली. दीपेशच्या हातांत कातडीच्या रंगाचे घट्ट मोजे होते, भाजल्याचे व्रण दाबून ठेवणारे. बायकोनं चहा पुढ्यात ठेवला, तो त्यानं निवेपर्यंत उचलला नाही. मग बायकोनंच कप त्याच्या तोंडाला लावला. एवढ्या तरण्याताठ्या माणसाला असं चहा पाजताना बघून नर्मदानं मान खाली घातली.

सुदामनं आकडा सांगितला. सतरा पॉइंट सहा. सांगताना त्याचा आवाज पोरासारखा झाला होता.

दीपेश म्हणाला, ‘‘डॉक्टर बोलतो, पावसाळ्यानंतर कामावर जाता येल. घरची नको बोलतात. मला बी भीती वाटते, खोटं कशाला बोलू.’’ त्यानं मोज्यांतले हात मांडीवर उलटे ठेवले. ‘‘पण चाकावर तू असशील तर मी पुढं उभा राहीन, दादा. दुसरं कोन असलं तर नाय.’’

परतीच्या इको गाडीत नर्मदा खिडकीपाशी बसली होती. सुदाम खुशीत होता, ड्रायव्हरशी गुजरातीत काहीतरी थट्टा करत होता. इतके दिवस तिला वाटत होतं की ही नवरा-बायकोतली गोष्ट आहे, फार तर चाचणीत उघडी पडेल, हा चिडेल, चार दिवस बोलणार नाही. आता तिला दिसत होतं की तिच्या अंगठ्याच्या भरवशावर एक माणूस पुन्हा आगीपुढे उभा राहायला निघालाय. घरी पोचेपर्यंत सांगायचं, असं तिनं तीनदा ठरवलं. घरी पोचल्यावर जेवण झाल्यावर सांगायचं ठरवलं. जेवणात सुदाम म्हणाला की मंगळवारी पास झालो की चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीला जाऊ, दीपेशलाही नेऊ. ती भांडी घासायला उठली.

सोमवारी सकाळी सुदाम खुंटीपाशी गेला. शेवटचा सराव, एकदाच पळणार होता. त्याचा हात खाली आला आणि तिनं घड्याळ सुरू केलं. तो आला. सात पावलं राहिली, पाच राहिली, चार. अंगठा सवयीनं वळवळला. तिनं तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला. सुदाम खुंटी ओलांडून गेला तेव्हा तिनं दाबलं.

अठरा पॉइंट आठ.

सुदामनं आकडा बघितला. मोबाईल झटकला, पुन्हा बघितला. मोबाईल बिघडला म्हणाला, आणि ती काही बोलायच्या आत परत पहिल्या खुंटीकडे गेला. या वेळी एकोणीस पॉइंट दोन आले. तो तिसऱ्यांदा वळला तेव्हा नर्मदानं त्याचा दंड धरला.

‘‘मोबाईल बरा हाय,’’ ती म्हणाली. ‘‘मीच आधी दाबत होती.’’

त्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो बांधावर बसला आणि हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

‘‘कवापासून?’’

‘‘संक्रांतीपासून.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज. तू ओकायचास. काळा पडायचास. आकडा चांगला दिसला का थांबायचास, म्हणून.’’

तो चिडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर तिला सोपं गेलं असतं. पण तो शांतपणे फोडलेल्या बांधाकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, ‘‘मंग खरं किती होतं?’’

‘‘कवाचं?’’

‘‘कवाचं बी. एका दिवसाचं तरी सांग.’’

नर्मदाला एकाही दिवसाचं सांगता येईना. खरा आकडा तिनं कधी बघितलाच नव्हता. दीड महिना तो किती वेगानं पळाला होता, रोज किती कमावत होता आणि कधी थांबला होता, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. तिनं मान हलवली. तिला रडू आलं आणि ते तिनं आवरलं नाही.

‘‘मी टेकडी सोडली,’’ सुदाम म्हणाला. ‘‘तीन आठवडे झाले. अठराच्या आत आलो म्हणून सोडली.’’

आवाज चढवला नाही. उठून विहिरीवर गेला, पाय धुतले आणि कंपनीच्या बससाठी तलासरी नाक्याकडे चालू लागला. न्याहारी तशीच राहिली. बुधीनं ओटीवरून काय झालं म्हणून विचारलं तर नर्मदा पाठ फिरवून आत गेली.

मंगळवारी तो नेहमीच्या वेळेला गेला. चारला सुटणारा माणूस सात वाजता घरी आला, हातात एक पिशवी होती. ती त्यानं कोपऱ्यात ठेवली. पिशवीतून फिकट रंगाच्या कापडाची कड दिसत होती, गडद निळी नव्हती. नर्मदानं ताट वाढलं. दोन घास खाऊन झाल्यावर तो आपणहून बोलू लागला.

अठरा पॉइंट चार आले होते. अर्ध्या तासानं मॅडमनी आणखी एक संधी दिली, त्यात अठरा पॉइंट नऊ. मग मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. पॉइंट चारचाच प्रश्न आहे, म्हणाल्या. तुम्ही टोळीत सगळ्यांत जुने, तुमच्याइतकी माहिती कोणाला नाही, मी अठरा लिहिते, यात कोणाचं काही जात नाही. टोळीतली पोरंही लिहा, लिहा म्हणाली.

‘‘मंग?’’ नर्मदानं विचारलं.

‘‘मी नको बोललो.’’ त्यानं भाताचा घास कालवला, पण उचलला नाही. ‘‘बोललो, आलं तेच लिहा. पुढं कोनाचे तरी हात असतात.’’

नर्मदाला वाटलं, आता काहीतरी म्हणावं. चुकले म्हणावं. पण वरातीमागून घोडं नेऊन काय उपयोग, आणि तो तिच्याकडे बघतही नव्हता. तिनं विचारलं, ‘‘एवढा वेळ कुठं होतास?’’

‘‘उधव्याला. त्याला दुसऱ्या कोनी सांगायच्या आत मीच सांगितलं. आकडा बी सांगितला.’’

‘‘काय बोलला?’’

‘‘काय नाय. दादाला चहा दे बोलला बायकोला.’’ ‘‘आज आपला कप त्यानंच उचलला. दोन्ही हातांनी.’’

ताट अर्धं ठेवून तो उठला. नर्मदानं उरलेला भात कुत्र्याला घातला नाही, स्वतः खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून तो गेटवर बसू लागला. गाड्यांचे नंबर लिहायचे, आत जाणाऱ्याची पिशवी बघायची. बाजारात भाजीवाल्या अजून ‘फायरवाला’ म्हणायच्या, आता तो ओ देत नसे. घरात तो कामापुरतं बोलायचा. मीठ दे, दोरी कुठं ठेवली, मयुराचा फोन आला का. मोबाईल मात्र चार्जिंगला लावायला नर्मदाकडे देत नव्हता, स्वतः लावायचा. बावीस वर्षांच्या संसारात कधी भाजीत खडा लागला तरी त्यानं तिला बोल लावला नव्हता, आताही लावत नव्हता. हेच तिला खुपत होतं.

होळी झाली. मोह पडायला लागला. पहाटे फुलं वेचायला नर्मदा टोपली घेऊन खाचराच्या टोकाला, मोहाखाली जाऊन बसली होती. उजाडलं तसे तिला बूट वाजलेले ऐकू आले. तिनं मान वर केली.

सुदाम टेकडीवरून उतरून आला होता, अंगातली जुनी बनियन पाठीला चिकटली होती. डोक्यावर हेल्मेट नाही, ते कंपनीनं परत घेतलं होतं, पण गमबूट त्याचे स्वतःचे होते. पुढची चाचणी कधी हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नव्हतं. तो पहिल्या खुंटीपाशी उभा राहिला. मोबाईल त्याच्याच मुठीत होता. त्यानं अंगठ्यानं दाबलं आणि पळाला. एक हात असा आवळलेला असला की माणूस नीट पळू शकत नाही, खांदा आखडतो, पाऊल तोकडं पडतं. नर्मदाला बसल्या जागेवरून ते दिसत होतं. टोपली ठेवून उठावं आणि दुसऱ्या खुंटीपाशी जाऊन उभं राहावं, असं तिला फार वाटलं. ती उठली नाही. बोलावलं तर जायचं, नाहीतर नाही, एवढं तिला आता समजलं होतं.

तो खुंटी ओलांडून चांगला दोन पावलं पुढे गेला, मगच त्यानं दाबलं. वाकून श्वास घेतला. आकडा जवळ धरून वाचला.

‘‘अठरा पॉइंट सात,’’ तो मोहाच्या झाडाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, आणि परत पहिल्या खुंटीकडे चालू लागला.